मतदारयादीत अडकलेले वाळवंट

२०२४ च्या दिवाळीनंतर आईला घेऊन उज्जैनला गेलो होतो. महाकालाचे दर्शन घ्यायचे हे तिचे जुने मागणे. तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, लग्न होऊन तिथेच नांदते, त्यामुळे उतरायची चिंता नव्हती. मावशीचे सासर शिंदेशाहीच्या मागोमाग माळव्यात आलेल्या मराठी घरांपैकी. घरात अजून मराठी बोलतात, पण तिची चाल हिंदीची. घर नानाखेडा भागात, बसस्टँडपासून पायी दहा मिनिटांवर. पूर्वी इथे उज्जैन संपायचे, आता इथूनच सुरू होते असे मावसभाऊ सांगतो. त्याची थोडी शेती इंदूर रस्त्याच्या बाजूला आहे.

आम्ही पोचलो तेव्हा सोयाबीन काढून झाले होते आणि गव्हाच्या पेरणीची घाई होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मावसभाऊ मला उठवून म्हणाला, "चल, खाद आणायला जाऊ. तुमच्या गोव्यात असली मजा बघायला मिळायची नाही." मजा म्हणजे डीएपीची रांग. थंडीत अंगावर शाली घेऊन माणसे उभी. कुणी रात्रीच आपली चप्पल रांगेत ठेवून गेलेला, कुणी आधारकार्डाची झेरॉक्स छातीशी धरून बसलेला. तीन-साडेतीन तासांनी आमचा नंबर लागला आणि पन्नास किलोची पोती मिळाली, एकेक तेराशे पन्नास रुपयांचे. ती ट्रॉलीत टाकताना एका पोत्यावर माझी नजर गेली. वर मोठ्या अक्षरांत 'भारत डीएपी' आणि खाली बारीक अक्षरांत मूळ देश : मोरोक्को.

कारकुनाला एक खोड असते. कागदावरची बारीक अक्षरे तो आधी वाचतो.

पोत्यावर लिहिलेले १८-४६ म्हणजे शंभर किलोत अठरा किलो नत्र आणि शेहेचाळीस किलो स्फुरद. नत्र हवेतून काढता येते, त्याचे कारखाने कुठेही घालता येतात. स्फुरद मात्र दगडातूनच काढावे लागते आणि तो दगड, म्हणजे फॉस्फेट, देवाने फार थोड्या ठिकाणी ठेवला आहे. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोटडा आहे, माळव्याच्या शेजारच्या झाबुआत थोडा मिळतो, पण देशाची भूक त्यावर भागत नाही. जगातल्या साठ्याचा सुमारे सत्तर टक्के वाटा एकट्या मोरोक्कोच्या नावावर मांडला जातो. या 'नावावर' शब्दातच सगळी गोम आहे. कारण त्या हिशेबात एक असा प्रदेश धरलेला असतो, जो मोरोक्कोचा की आणखी कुणाचा हे पन्नास वर्षे झाली तरी ठरलेले नाही. त्याचे नाव पश्चिम सहारा.

त्याच संध्याकाळी मावसभावाने मला जयसिंगाची वेधशाळा दाखवायला नेले. आपल्या जुन्या ज्योतिषांनी मध्यरेषा उज्जैनवरून धरली होती हे शाळेत वाचलेले असते. कर्कवृत्तही इथून जवळच जाते, शहराच्या उत्तरेला डोंगला गावापाशी. वेधशाळेच्या पायऱ्यांवर बसून मी मनातल्या मनात ती रेषा पश्चिमेकडे ओढत नेली. कच्छ, समुद्र, ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, माली, मॉरिटानिया. शेवटी अटलांटिक महासागरात पडण्याआधी ती ज्या भूमीवरून जाते तीच पश्चिम सहारा. उज्जैनच्या अंगाला लागून जाणारी रेषा, पण इथे काळी कसदार माती आणि तिथे दगड. पोत्यातून निघालेला विचार असा रेषेवरून थेट तिथे जाऊन पोचला, आणि गोव्यात परतल्यावरही महिनाभर सुटला नाही. जे मिळेल ते वाचत गेलो. त्याचीच ही हकीकत. सहाराशी आपल्याला काय करायचे आहे असे वाटत असेल, तर जरा धीर धरा. वाट शेवटी आपल्या घराकडेच येते.

आधी भूगोल. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्रापेक्षा थोडे कमी आणि आपल्या गोव्याच्या सुमारे बहात्तर पट. लोकवस्ती मात्र सहा लाखांच्या आसपास, म्हणजे गोव्याच्या निम्मीही नाही. वाळवंट म्हटले की सिनेमातल्या वाळूच्या लाटा डोळ्यांसमोर येतात. इथे बराचसा भाग सपाट, खडकाळ आणि गोट्यांनी भरलेला आहे. बारमाही नदी एकही नाही. पाऊस इतका कमी की आपल्याकडे जुलैत एका दिवसात पडतो तेवढा तिथल्या कित्येक भागांत वर्षभरात पडत नाही. किनारा मात्र अकराशे किलोमीटर लांब. समुद्राचा थंड प्रवाह त्याला घासून जातो, खालचे गार पाणी वर येते, आणि त्यामुळे तो किनारा जगातल्या चांगल्या मासळीच्या किनाऱ्यांत मोडतो. जमिनीवर गवत नाही आणि पाण्यात मासळीची रास, असा तो उफराटा मुलूख.

या मुलुखाचे दोन भाग आणि दोन्हींची नावे पाण्याची! उत्तरेचा सागिया अल् हामरा, म्हणजे तांबडा ओहोळ. दक्षिणेचा रिओ दे ओरो, म्हणजे सोन्याची नदी. ही सोन्याची नदी कुणाला सापडली म्हणता? आपल्या ओळखीच्याच मंडळींना. १४३४ मध्ये जिल इयानिश हा पोर्तुगीज खलाशी बोजादोर नावाच्या भूशिराला वळसा घालून पुढे गेला. त्यापलीकडे समुद्र संपतो अशी तोवर युरोपात समजूत होती. ते भूशीर याच किनाऱ्यावर आहे. दोन वर्षांनी बाल्दाया नावाचा दुसरा पोर्तुगीज आणखी दक्षिणेला गेला, त्याला एक लांबोडे खोल पाणी आत शिरलेले दिसले, त्याला ती नदी वाटली आणि तिच्या मुळाशी सोने असेल असेही वाटले. नदी नव्हती, नुसती खाडी होती, आणि सोने तर नव्हतेच. १४४१ मध्ये त्या किनाऱ्यावरून पोर्तुगीजांनी सोन्याऐवजी माणसे पकडून नेली. हीच गलबते पुढे पुढे सरकत आफ्रिकेला वळसा घालून आली आणि १५१० मध्ये अफोंसो दि आल्बुकेर्क मांडवीत शिरला. म्हणजे गोव्याच्या वाटेवरचा एक पहिला मैलाचा दगड त्या वाळवंटात आहे. आपल्याला ते ठाऊक नसते एवढेच.

तिथले मूळचे लोक सहरावी. हसानिया नावाची अरबी बोलतात. उंट, शेळ्या घेऊन हिंडणारे. कुठे ढग दिसला, कुठे सर पडल्याची वार्ता आली की तिकडे तंबू हलवायचे. म्हणून ते स्वतःला ढगांची लेकरे म्हणवतात. अशा माणसांना सरहद्द म्हणजे काय ते कसे समजावे? ढग काही सरहद्द पाळत नाहीत. हा प्रश्न पुढे किती महागात पडला ते येईलच.

१८८४ मध्ये स्पेनने या किनाऱ्यावर हक्क सांगितला. बर्लिनला आफ्रिकेच्या वाटण्या चालल्या होत्या तेच हे वर्ष. पुढची साठ-पासष्ट वर्षे स्पेनलाही या जमिनीचे काय करावे ते कळत नव्हते. मासळी होती, एखाददुसरे ठाणे होते. मग १९४७ मध्ये मानुएल आलिया मेदिना या स्पॅनिश भूगर्भतज्ज्ञाला तिथे फॉस्फेट सापडले आणि साठच्या दशकात बू क्रा येथील प्रचंड साठा उघडा झाला. दगड जमिनीच्या पाठीवरच म्हणावा इतका वर. अडचण एवढीच की खाण समुद्रापासून शंभर किलोमीटर आत. रस्ता नाही, नदी नाही. तेव्हा क्रुप या जर्मन कंपनीकडून जगातला सर्वांत लांब वाहता पट्टा बांधून घेतला. सुमारे शंभर किलोमीटर लांबीचा. पत्रादेवीहून निघून पोळ्यापर्यंत, अख्खा गोवा उभा ओलांडून जाईल एवढा! १९७२ पासून त्यावरून दगडाचा भुगा एल आयून बंदराकडे जाऊ लागला. वाऱ्याने उडालेली पांढरी भुकटी पट्ट्याच्या कडेला अशी साचली आहे की उपग्रहाच्या चित्रात ती पांढरी रेघ स्पष्ट दिसते.

मी डिचोलीचा. खाणीवरून बंदरावर जाणारा माल हे चित्र मला कुणी समजावून सांगायला नको. आमच्याकडे पट्ट्याच्या जागी ट्रक आणि बार्ज, पांढऱ्याच्या जागी तांबडे. शाळेतून परतताना पांढरा सदरा गुलाबी होऊन यायचा. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर गेले. त्यापुढे बू क्राचे वर्षाचे वीसेक लाख टन म्हणजे काहीच नाही. पण २०१२ साली खाणी बंद पडल्या त्या इथल्याच कोर्टकचेरीमुळे. आपली माणसे आपल्याच न्यायालयात भांडली. खाण चालावी म्हणणारेही आपले आणि बंद व्हावी म्हणणारेही आपलेच. सहरावींच्या वाट्याला ते भांडणही आले नाही.

कारण खाण सुरू होऊन तीन वर्षे होतात न होतात तोच १९७५ साल उजाडले. त्याआधी १९५८ मध्ये स्पेनने सहाराला आपला 'प्रांत' म्हणून जाहीर केले होते. ऐकल्यासारखे वाटते ना? सालाझारने १९५१ मध्ये आपल्याला 'सागरपार प्रांत' केले ती हीच युक्ती. वसाहत म्हटले की सोडावी लागते, प्रांत म्हटले की घरचीच. संयुक्त राष्ट्रांनी ही युक्ती मान्य केली नाही. १९६० मध्ये स्वराज्य नसलेल्या पोर्तुगीज प्रदेशांची नावे ठरावात घातली त्यात गोवा होता. १९६३ मध्ये तशाच यादीत स्पॅनिश सहाराचे नाव आले. गोव्याचे नाव वर्षभरात कालबाह्य झाले. सहाराचे आजही त्या यादीत आहे.

स्पेनने अखेर सार्वमत घ्यायचे कबूल केले आणि त्यासाठी १९७४ मध्ये शिरगणती केली. माणसे निघाली ७३,४९७. हा आकडा लक्षात ठेवा. इकडे मोरोक्कोच्या राजाचे म्हणणे असे की स्पॅनिश येण्यापूर्वी हा मुलूख आमचा होता, इथल्या टोळ्या आमच्या सुलतानाला मुजरा करीत होत्या. दक्षिणेकडून मॉरिटानियानेही हक्क सांगितला. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १६ ऑक्टोबर १९७५ रोजी न्यायालयाने मत दिले की काही टोळ्यांचे सुलतानाशी निष्ठेचे नाते होते हे खरे, पण त्यावरून जमिनीची मालकी सिद्ध होत नाही. तेथील लोकांनी आपला निर्णय आपण घ्यावा, याच्या आड येण्याजोगे काही आढळले नाही. राजा हसन यांनी त्याच दिवशी मोर्चा जाहीर केला आणि ६ नोव्हेंबरला साडेतीन लाख मोरोक्कन नागरिक सरहद्द ओलांडून चालू लागले. हाच तो 'हरित मोर्चा'. माद्रिदमध्ये हुकूमशहा फ्रँको मरणशय्येवर होता. १४ नोव्हेंबरला स्पेनने मोरोक्को आणि मॉरिटानिया यांच्याशी करार करून कारभार त्यांच्या हवाली केला. सहा दिवसांनी फ्रँको गेला. सार्वमत राहिले ते राहिलेच. फॉस्फेट कंपनीत मात्र स्पेनने पस्तीस टक्के वाटा ठेवून घेतला होता, तो २००२ पर्यंत.

१९७३ मध्ये स्थापन झालेल्या पोलिसारिओ या सहरावी संघटनेने फेब्रुवारी १९७६ मध्ये आपले प्रजासत्ताक जाहीर केले आणि सोळा वर्षांचे युद्ध सुरू झाले. तो वाहता पट्टा पोलिसारिओने इतक्यांदा तोडला की खाण काही वर्षे ठप्पच होती. १९७९ मध्ये मॉरिटानियाने अंग काढून घेतले. मोरोक्कोने १९८० ते १९८७ या काळात वाळूची आणि दगडांची तटबंदी उभारली, सुमारे २,७०० किलोमीटर लांब. श्रीनगरहून कन्याकुमारीपर्यंत सरळ दोरी धरली तर थोडीच जास्त भरेल. तिच्या कडेने सुरुंग पेरलेले. तटाच्या पश्चिमेला मोरोक्को, म्हणजे चारपंचमांश मुलूख, सगळी शहरे, सगळी खाण आणि जवळजवळ सगळी मासळी. पूर्वेला पोलिसारिओ आणि दगड. त्याच्याही पलीकडे अल्जीरियाच्या तिंदूफजवळ निर्वासितांच्या छावण्या. २०१८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे तिथे पावणेदोन लाखांच्या जवळपास माणसे. छावण्यांना त्यांनी आपल्या सुटलेल्या गावांची नावे दिली आहेत. एल आयून, स्मारा, दाख्ला, आउसेर्द, बुजदूर. बुजदूर म्हणजे तेच आपले बोजादोर. तिथे जन्मलेल्या मुलाला विचारले तर तो आपले गाव दाख्ला सांगतो. समुद्र त्याने पाहिलेला नसतो.

आता माझ्या खात्यातली गोष्ट. ६ सप्टेंबर १९९१ रोजी युद्ध थांबले. संयुक्त राष्ट्रांनी मध्यस्थी केली आणि ठरले की जानेवारी १९९२ मध्ये सार्वमत घ्यायचे. स्वतंत्र व्हायचे की मोरोक्कोत राहायचे, एवढेच विचारायचे. शिष्टमंडळ आले, कचेऱ्या उघडल्या. आणि गाडी अडली ती मतदारयादीवर.

दर निवडणुकीला मला ड्युटी लागते. मतदारयादी म्हणजे काय चीज असते ते ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. मेलेले नाव निघत नाही, लग्न होऊन गेलेली मुलगी दोन गावांत असते, मुंबईत राहणारा सखाराम चतुर्थीला येतो तेवढ्यावर आपण इथलेच म्हणून भांडतो. गावच्या पंचायतीच्या यादीला ही तऱ्हा. मग ढगांमागून हिंडणाऱ्या माणसांची यादी कशी करायची? पोलिसारिओ म्हणे, १९७४ ची शिरगणती धरा. मोरोक्को म्हणे, त्या वेळी स्पॅनिश जुलमामुळे उत्तरेकडे गेलेल्या टोळ्यांची माणसेही इथलीच, ती धरा. दोन्ही बाजूंना पक्के माहीत होते की यादी ठरली की निकाल ठरला. टोळीचे शेख समोर बसवून, आजोबा-पणजोबांची नावे विचारून, एकेक अर्ज तपासण्यात कित्येक वर्षे गेली. अखेर सुमारे ८६ हजार माणसे पात्र ठरली. लगेच नाकारलेल्यांची अपिले आली, एक लाखाहून जास्त! तिथे काम करणाऱ्या कुणा अनामिक कारकुनाची मला मनापासून दया आली. ज्या अधिकाऱ्यांनी हे सारे पाहिले त्यांनी शेवटी हात टेकले. सार्वमत आजपर्यंत झालेले नाही.

दरम्यान पट्टा फिरतोच आहे. मासळी जातेच आहे. दाख्लाजवळ जमिनीखालचे पुराणे पाणी उपसून प्लास्टिकच्या छपराखाली टोमॅटो आणि खरबुजे पिकतात आणि युरोपच्या बाजारात जातात. मोरोक्कोने तिथे रस्ते, बंदरे, पवनचक्क्या, शाळा बांधल्या, लाखो माणसे वसवली, हे खरे आहे आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण माल कुणाच्या संमतीने विकायचा हा प्रश्न मरत नाही. २०१७ मध्ये बू क्राचे पन्नास हजार टनांहून अधिक फॉस्फेट घेऊन न्यूझीलंडला निघालेले एक जहाज दक्षिण आफ्रिकेत अडवले गेले आणि तिथल्या न्यायालयाने २०१८ मध्ये तो माल सहरावींचा ठरवला. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपियन महासंघाच्या न्यायालयाने सांगितले की तेथील लोकांच्या संमतीवाचून केलेले मासेमारीचे आणि शेतमालाचे करार चालणार नाहीत, आणि तिथल्या टोमॅटो-खरबुजांवर मूळ ठिकाण पश्चिम सहारा असेच लिहावे लागेल. मी नानाखेड्यात पोत्यावरची बारीक अक्षरे वाचत होतो त्याच्या महिनाभर आधीची ही गोष्ट.

आपला हात यातून अगदी कोरडा आहे असे समजू नये. मोरोक्कोचे बहुतेक फॉस्फेट त्याच्या स्वतःच्या खुरिब्गासारख्या खाणींतून निघते आणि बू क्राचा वाटा त्यात लहानसा आहे. पण बू क्राचा दगड आपल्या ओडिशातील पारादीपच्या खत कारखान्यातही आलेला आहे. तो कारखाना २००२ मध्ये सरकारने विकला तेव्हा घेणारी कंपनी होती मोरोक्कोची सरकारी फॉस्फेट कंपनी आणि आपला गोव्याचा झुआरी समूह यांची भागीदारी. २०२२ मध्ये झुआरीनगरचा खत कारखानाही त्याच पारादीप कंपनीकडे गेला. म्हणजे दाबोळी विमानतळावरून येता-जाता आपल्याला जो दिसतो तो! आणि भारत सरकार? १९८५ मध्ये आपण सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि २००० मध्ये ती काढून घेतली. देशाला खत लागते. पहाटे पाचच्या रांगेत उभे राहिल्यावर हे कळायला पुस्तक लागत नाही. मावसभावाचा गहू त्याच पोत्यावर उभा राहतो आणि तो गहू खाणाऱ्यांत मीही आहे.

आता घराकडे येतो.

माझे बाबा मराठी शाळेत मास्तर होते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचे, दोन पाने म्हणजे वेगळे केंद्रशासित राहायचे. बाबांनी फुलावर शिक्का मारला आणि त्याआधी महिनाभर सायकलवरून गावोगाव फुलाचा प्रचार केला. निकाल लागला. पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजार एकवीस मतांनी आम्ही हरलो. हे आकडे मी पुस्तकात वाचलेले नाहीत, घरात पाढ्यासारखे ऐकलेले आहेत. बाबा त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षे ते भांडत राहिले. भाऊसाहेब बांदोडकरांनी कौलाआधी राजीनामा द्यायला नको होता, मुंबईतल्या गोवेकरांना मत द्यायला हवे होते, अमुक तालुक्यात तमुक झाले. पाहा, तिथेही मतदारयादीच! आणि लहानपणापासून मीही तीच खंत वाहत आलो. या पानावर येणाऱ्या पुष्कळ वाचकांच्या घरी ती अजून असेल. आपल्यावर अन्याय झाला, आपली मराठी बाजू हरवली गेली, असे काहीसे.

सहाराची कथा वाचताना आधी मला मोरोक्कोचीच बाजू ओळखीची वाटली हे कबूल करतो. परक्याने तोडलेला तुकडा, पूर्वीची नाती, एकच धर्म, जवळची भाषा, मग वेगळे का राहायचे? बाबा महाराष्ट्राबद्दल हेच बोलत. दिल्लीने १९६१ मध्ये गोव्याबद्दल जे म्हटले त्याचा सूरही यापासून फार दूर नव्हता. पण वाचत गेलो तसा फरक दिसू लागला. गोव्यातून सालाझारच्या तुरुंगात गेलेली माणसे इथली होती. १९४६ ला मडगावात लोहियांच्या सभेला जमलेले लोक इथले होते. आणि पाच वर्षांनी, आणखी एक मोठा शेजारी आपल्याला पोटात घ्यायला निघाला तेव्हा, भाषेचा, इतिहासाचा, धर्माचा दाखला पुरेसा धरला गेला नाही. माणसांना विचारले गेले. भारतात राहायचे की नाही हा प्रश्न त्यात नव्हता, तेव्हा दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत. तरी विचारले हे खरे.

त्याचे पुढे काय झाले तेही पाहा. कौल हरलेल्या बांदोडकरांच्याच मगो पक्षाला दोन महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत लोकांनी पुन्हा सत्ता दिली. ज्या लोकांनी विलीनीकरण नाकारले त्यांनी विलीनीकरणवाद्यांचे सरकार निवडले. म्हणजे एक प्रश्न मिटला आणि माणसे पुढच्या प्रश्नाला लागली. बाबा निकालानंतर सोमवारी नेहमीप्रमाणे शाळेत गेले आणि तिथल्या पानवाल्या सहकाऱ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, असे आई सांगते. आठवड्याने बोलले. हरलेल्या बाजूला पुढेही शाळा होती, मत होते, वर्तमानपत्र होते. तिंदूफच्या छावणीत सदुसष्टच्या बाबांएवढा तरुण १९९१ मध्ये यादीत नाव लागायची वाट पाहू लागला असेल, तर तो आज साठीच्या घरात आहे. तो हरलेलाही नाही. त्याला कुणी विचारलेच नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये शस्त्रसंधी मोडली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने मोरोक्कोच्या सार्वभौमत्वाखालील स्वायत्तता हा वाटाघाटींचा पाया मानला. कदाचित त्यातून काही तोडगा निघेलही, आणि तो वाईटच असेल असेही नाही. पण तो तिथल्या लोकांपुढे ठेवून त्यांचे हो-नाही घेतले नाही, तर यादीचे ते भांडण उद्या आणखी कुठल्या रूपाने वर येईलच.

उज्जैनहून निघायच्या आदल्या रात्री मावशीकडे जेवताना मी आईला बाबांच्या शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट विचारली. अंथरुणाला खिळल्यावर ते एकदा जनमत कौलाबद्दल काहीतरी बोलले होते, मला नीट आठवत नव्हते. आई म्हणाली, "ते म्हणाले होते, आम्ही हरलो ते वाईट झाले, पण आमच्या मताची चिठ्ठी मोजली होती." मी तेव्हा ते म्हातारपणाचे बोलणे समजलो होतो. घरी आल्यावर कपाटातून त्यांची जुनी फाईल काढली. त्यात १९६७ ची प्रचाराची एक पत्रिका आहे, फुलाचे चित्र असलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. पूर्वी ती पाहिली की हरल्याचे वाटे. या खेपेला तसे वाटले नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती परत ठेवून दिली.